ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा विजेचा दोष-कोड : पार्ट मागवण्याआधी सर्किट कसे तपासावे

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी चोर्ला घाट चढताना एकाच गिअरमध्ये अडकते, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, आणि बेळगावात आणून स्कॅनर लावला की पडद्यावर ‘पी-०७५३, शिफ्ट सोलेनॉइड ए, इलेक्ट्रिकल’ अशी ओळ उमटते. सोलेनॉइड म्हणजे गिअर बदलण्यासाठी तेलाची वाट उघडणारी-मिटणारी, विजेवर चालणारी छोटी झडप. ती वाचल्यावर बहुतेक ठिकाणी दोनच सल्ले मिळतात : सोलेनॉइड गेला आहे, नवा मागवा, किंवा गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल. दोन्ही सल्ले घाईचे आहेत, कारण सोलेनॉइड बिघडल्याचे त्या ओळीत कुठेच म्हटलेले नाही. गिअरबॉक्सवर देखरेख करणारा संगणक, ज्याला टीसीएम म्हणतात, तो एवढेच कळवतो की सोलेनॉइड ‘ए’च्या सर्किटमध्ये त्याला अपेक्षित वीज आढळली नाही. त्या सर्किटमध्ये बॅटरी, फ्यूज, अर्थ (गाडीच्या धातूमार्फत बॅटरीच्या ऋण टोकाशी होणारी जोडणी), दोन-तीन कपलर (वायरी जोडणारे प्लग), बरीच वायर, स्वतः टीसीएम आणि सर्वांत शेवटी सोलेनॉइड, एवढे सगळे येते. यांतले सोलेनॉइड सोडून जवळजवळ सर्व काही गिअरबॉक्सच्या बाहेर असते आणि तेलाचा एक थेंबही न सांडता तपासता येते.

आपल्या भागात ही सवय अंगी बाणवणे विशेष गरजेचे आहे. गिअरबॉक्सचे विजेचे पार्ट पुष्कळदा कोल्हापूर, हुबळी किंवा त्याहून लांबून मागवावे लागतात, आणि विजेचा पार्ट एकदा घेतला की दुकानदार सहसा परत घेत नाही. अंदाजाने मागवलेला सोलेनॉइड बसवूनही तोच कोड परत आला, तर पार्टाचे पैसे, तेलाचे पैसे आणि मजुरी हे सर्व वाया जाते, आणि मूळ दोष होता तिथेच राहतो.

पुढील पद्धत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या नेहमीच्या ऑटोमॅटिकला धरून लिहिली आहे. सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा प्रकार) आणि दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सलाही ती लागू पडते, कारण त्यांतही सोलेनॉइड, सेन्सर आणि कपलर असतात. लहान गाड्यांमधला एएमटी मात्र रचनेने वेगळा आहे. तिथे साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम बाहेर बसवलेले विजेवर चालणारे यंत्र करते. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून हा प्रकार आला आणि नंतर सर्वत्र पसरला. एएमटीचे कोड व मापे निराळी असली तरी बॅटरी, अर्थ, कपलर आणि वायर यांच्या तपासणीचा क्रम तोच राहतो.

कोड नीट वाचणे

हातात पाना घेण्याआधी सर्व कोड कागदावर उतरवून घ्यावेत, आणि काहीही झाले तरी ते लगेच पुसू नयेत. कोड पुसला की त्यासोबत साठवलेली नोंदही पुसली जाते. दोष उमटला त्या क्षणी वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती होते, इंजिन थंड होते की गरम, बॅटरीचे व्होल्टेज किती होते, अशी माहिती त्या नोंदीत असते. स्कॅनरवर तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष थंड गाडीत चावी फिरवताच उमटला की तासभर चालवून गिअरबॉक्स तापल्यावर उमटला, एवढे जरी त्यातून कळले तरी शोध अर्ध्यावर येतो.

मोबाईलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ यंत्र पुष्कळदा फक्त इंजिनाच्या संगणकाशी बोलते. अशा वेळी पडद्यावर एकटा पी-०७०० दिसतो. हा कोड म्हणजे टीसीएमने इंजिनाच्या संगणकाला ‘माझ्याकडे दोष नोंदला आहे, दिवा लाव’ असे कळवणे होय. दोष कोणता, हे त्यात नसते. त्यामुळे पी-०७००वरून कोणताही निष्कर्ष काढू नये आणि टीसीएम स्वतंत्रपणे वाचू शकणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये जाऊन मूळ कोड घ्यावा. एवढ्यासाठी लागणारे पैसे या सबंध कामातले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे ठरतात.

कोडची रचना समजून घेतली तर पुष्कळ गोंधळ टळतो. सुरुवातीचा ‘पी’ इंजिन व गिअरबॉक्स या दोन्हींसाठी असतो. त्यापुढे ‘०’ असेल तर कोडचा अर्थ सर्व कंपन्यांना समान असतो आणि ‘१’ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड असतो, ज्याचा अर्थ तिच्याच पुस्तिकेत पाहावा लागतो. तिसऱ्या जागेवरचा ‘७’, ‘८’ किंवा ‘९’ गिअरबॉक्स दाखवतो. सोलेनॉइड ‘ए’चे कुटुंब पी-०७५० पासून सुरू होते, ‘बी’चे ०७५५ पासून, ‘सी’चे ०७६० पासून, ‘डी’चे ०७६५ पासून आणि ‘ई’चे ०७७० पासून. प्रत्येक कुटुंबातला दुसरा आणि तिसरा कोड, उदाहरणार्थ ०७५१ व ०७५२, सोलेनॉइड नीट काम करत नाही किंवा बंद वा चालू अवस्थेत अडकला आहे असे सांगतो. तो दोष तेलाचा, घाणीचा किंवा झडपेचाही असू शकतो. चौथा कोड, म्हणजे ०७५३, ०७५८, ०७६३, ०७६८, ०७७३, हा विजेचा असतो, आणि पाचवा मधूनमधून येणाऱ्या दोषाचा असतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचच्या सर्किटचा विजेचा दोष ०७४३ ने, तर तेलाचा दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडचा ०७४८ ने दाखवला जातो. हा फरक लक्षात न घेता ०७५१ आणि ०७५३ यांना एकच समजणे, ही चुकीच्या दुरुस्तीची फार मोठी वाट आहे.

एकापेक्षा अधिक कोड एकत्र आले असतील तर त्यांच्याकडे एकत्रच पाहावे. सोलेनॉइड ‘ए’, ‘बी’ आणि दाबाचा सोलेनॉइड हे तिन्ही एकाच दिवशी एकदम जळाले, ही गोष्ट संभवनीय नाही. तिघांना वीज देणारा फ्यूज, तिघांचा सामाईक अर्थ किंवा तिघांच्या वायरी जिथून गिअरबॉक्समध्ये शिरतात तो मोठा कपलर, यांपैकी काहीतरी बिघडले असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. सोबत इंजिनाचे किंवा एबीएसचेही (ब्रेकच्या यंत्रणेचे) कोड दिसले, तर शोध बॅटरी आणि अर्थ यांच्यापासूनच सुरू करावा.

गाडीचा अलीकडचा इतिहास

मापे घेण्याआधी मालकाला किंवा स्वतःला काही प्रश्न विचारावेत. दोष पावसात आला का? इंजिनाचा भाग प्रेशरच्या पाण्याने धुतला होता का? खंडेनवमीच्या पूजेआधी बॉनेट उघडून इंजिन चकचकीत धुण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि वेगाने मारलेले पाणी कपलरच्या रबरी सीलमधून आत शिरू शकते. ते पाणी त्याच दिवशी त्रास देईलच असे नाही. पिनांवर हिरवट गंज चढायला काही आठवडे लागतात, त्यामुळे गाडी धुण्याचा आणि दोषाचा संबंध मालकाच्या ध्यानात येत नाही. अलीकडे बॅटरी बदलली का, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू केली का, नवा स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, फॉग दिवे किंवा रिमोट लॉक बसवले का, स्टार्टर वा क्लचच्या कामासाठी वायरिंग बाजूला केले होते का, हेही विचारावे. बाहेरून बसवलेल्या वस्तूची वायर टीसीएमच्या फ्यूजवर जोडलेली सापडणे ही नवलाची गोष्ट नाही.

तालुक्यानुसारही प्रश्न बदलतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळ्याचे महिने हवा सतत ओली असते, म्हणून तिथल्या गाड्यांत पहिला संशय कपलरमधल्या ओलाव्यावर घ्यावा. चिकोडी, रायबाग, अथणीकडे उसाच्या शेताशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर शिरतात, आणि गरम इंजिनावर रात्र काढताना वायरींचे आवरण कुरतडतात. तिथे बॉनेट उघडल्यावर आधी लेंड्या, पाचटाचे तुकडे आणि दातांच्या खुणा शोधाव्यात. जुनी गाडी विकत घेतलेली असेल तर ती २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाण्यात उभी होती का, हे पाहणे आवश्यक आहे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा या नद्यांच्या काठची अनेक वाहने त्या दोन वर्षांत बुडाली. सीटखालच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली बारीक गाळ किंवा सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर त्यावर दिसणारा चिखलाचा आडवा डाग, या खुणा पुसणे कठीण असते. अशा गाडीत एक कपलर साफ करून भागत नाही. सबंध हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, टप्प्याटप्प्याने तपासावा लागतो.

बॅटरी आणि अर्थ

या पायरीला कोणी महत्त्व देत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर अधिक लिहीत आहे. गाडी काही तास उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असावे. १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी अर्धी किंवा त्याहून अधिक उतरली आहे. स्टार्टर फिरताना ते सुमारे ९.६ च्या खाली जाऊ नये, आणि इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ पर्यंत चढावे. थकलेली बॅटरी गाडी सुरू करू शकते, तरीही स्टार्टर फिरण्याच्या त्या क्षणभरात टीसीएमला पुरेशी वीज मिळत नाही आणि तो खोटे कोड नोंदवतो. म्हणून बॅटरी चांगली असल्याची खात्री होईपर्यंत पुढचे कोणतेही माप विश्वासार्ह धरू नये.

अर्थ तपासण्यासाठी मल्टीमीटरचा (व्होल्टेज व रोध मोजणाऱ्या यंत्राचा) कंटिन्युइटीचा, म्हणजे मार्ग अखंड असल्याचा, बीप पुरेसा नाही. दहा तारांपैकी नऊ तुटलेल्या पट्टीतूनही बीप वाजतो, कारण मल्टीमीटर त्या वायरीतून अगदी क्षीण करंट सोडतो. खरी परीक्षा वीज वाहत असतानाच होते. इंजिन सुरू करून हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवावेत, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावून एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर धरावे. आदर्श अर्थमध्ये शून्य दिसेल, ०.१ व्होल्टपर्यंत चालते. त्याहून बरेच अधिक दिसले तर गिअरबॉक्स आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी काढून तिचे दोन्ही टोक घासून स्वच्छ करावे व बोल्ट घट्ट आवळावा. याच रीतीने टीसीएमच्या अर्थ पिनेचे मापही घ्यावे. वीज पुरवणाऱ्या बाजूसाठी एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे टीसीएमच्या पुरवठ्याच्या पिनेवर धरावे. तिथे सुमारे ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक असेल तर फ्यूज, रिले किंवा मधला एखादा सांधा वीज खातो आहे असे समजावे. फ्यूज डोळ्यांनी पाहून चांगला ठरवू नये, तो जागेवर असतानाच त्याच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजावे.

कपलर उघडणे

इथून पुढे इग्निशन बंद करून, काही मिनिटे थांबून, बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून काम करावे. गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबून राहू नये. स्टँड लावावेत आणि चाकांना उटी (दगड किंवा ठोकळ्याची अडवण) लावावी. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरींना आणि हायब्रिड गाडीतल्या नारिंगी रंगाच्या जाड वायरींना कोणत्याही कारणाने हात लावू नये.

गिअरबॉक्सचा मोठा कपलर त्याच्या कुशीला असतो. तो सोडवण्याआधी त्याची बाहेरची स्थिती पाहावी : क्लिप तुटली आहे का, वायर ताणलेली आहे का, सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून आवरण वितळले आहे का. सोडवल्यावर उजेडात प्रत्येक पिन पाहावी. हिरवी किंवा पांढरी भुकटी म्हणजे पाणी शिरल्याची खूण. काळवंडलेली पिन म्हणजे सैल जोडामुळे झालेली उष्णता. आत ढकलली गेलेली पिन म्हणजे कपलर बसला असला तरी जोड झालेला नाही. आणि कपलरच्या आत तांबूस तेल दिसले तर तिथेच थांबून विचार करावा, कारण याचा अर्थ आतला सील गळतो आहे. गिअरबॉक्सचे तेल वायरीच्या बारीक तारांमधून चढत चढत पार टीसीएमपर्यंत पोहोचू शकते. काही मर्सिडीज गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये हा दोष पुष्कळांना परिचित आहे. नुसते पुसून कपलर परत लावल्यास थोड्याच दिवसांत तेल पुन्हा येते. सील बदलणे आणि टीसीएमकडचा कपलर उघडून तिथवर तेल गेले आहे का हे पाहणे, दोन्ही करावे लागते.

साफसफाईसाठी विजेच्या जोडांकरिता मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. पेट्रोल वापरू नये, त्याने आगीचा धोका असतोच, शिवाय रबराचा सीलही फुगतो. पिना सँडपेपरने घासू नयेत. वरचा मुलामा निघाला की गंज आणखी लवकर चढतो. सैल पडलेल्या मादी पिनेत टाचणी किंवा जाड प्रोब खुपसून पाहण्याची सवय तर सर्वांत घातक, कारण पिन आणखी रुंदावते आणि जो दोष नव्हता तो निर्माण होतो.

रोध मोजण्याची योग्य जागा

आता या कामाचा गाभा. सोलेनॉइडचा रोध (विजेला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात) गिअरबॉक्सपाशी न मोजता आधी टीसीएमच्या बाजूच्या कपलरवर मोजावा. टीसीएमपासून सोलेनॉइडपर्यंतचा सगळा मार्ग एकाच मापात तपासला जातो, आणि टीसीएमला जे ‘दिसते’ तेच आपल्यालाही दिसते. कोणती पिन कोणाची हे अंदाजाने ठरवू नये. त्या मॉडेलची आणि त्या वर्षाची वायरिंग आकृती समोर असल्याशिवाय हे माप घेण्यात अर्थ नाही. काही गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइडचे दुसरे टोक बॉडीला अर्थ केलेले असते, तिथे पिन आणि बॉडी यांच्यामध्ये मोजावे. काहींत सर्व सोलेनॉइडना एक सामाईक पुरवठा असतो, तिथे ती सामाईक पिन आणि हवी ती पिन यांच्यामध्ये मोजावे. टीसीएम थेट गिअरबॉक्सच्या आत बसवलेला असेल तर ही पायरी शक्य नसते, तिथे पुरवठा, अर्थ आणि संपर्काच्या वायरी तपासून पुढचे काम स्कॅनरवर सोपवावे.

एक उदाहरण घेऊ. समजा खानापूरहून आलेल्या एका गाडीत पी-०७५८ आहे, म्हणजे सोलेनॉइड ‘बी’चा विजेचा दोष, आणि पुस्तिकेनुसार २० अंश सेल्सियसला त्याचा रोध ११ ते १५ ओहम असायला हवा. चालू-बंद प्रकारच्या अनेक शिफ्ट सोलेनॉइडचा रोध याच टप्प्यात असतो. दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडचा पुष्कळदा ५ ओहमच्या आसपास असतो. टीसीएमच्या कपलरवर मल्टीमीटर अनंत रोध दाखवतो, म्हणजे मार्ग कुठेतरी तुटला आहे. आता गिअरबॉक्सचा कपलर सोडवून गिअरबॉक्सच्या बाजूच्या पिनांवर तेच माप घेतले आणि १३ ओहम आले, तर सोलेनॉइड निर्दोष ठरला आणि तूट दोन कपलरांच्या मधल्या वायरीत आहे. गिअरबॉक्सच्या पिनांवरही अनंतच आले, तर दोष आतल्या हार्नेसमध्ये किंवा सोलेनॉइडमध्ये आहे. दोन्ही ठिकाणी २ ओहम आले, तर सोलेनॉइडची गुंडाळी आतल्या आत शॉर्ट झाली आहे. आणि दोन्ही ठिकाणी १३ ओहम आले, तर हाच सर्वांत फसवा निकाल आहे, कारण माप बरोबर आले म्हणून दोष नाही असे होत नाही. तो या क्षणी प्रकट नाही एवढेच.

मापे वाचताना दोन गोष्टींची जाण ठेवावी. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्के. त्यामुळे २० अंशांना १३ ओहम दाखवणारी गुंडाळी गिअरबॉक्स ९० अंशांपर्यंत तापल्यावर जवळपास १६.५ ओहम दाखवते. घाट उतरून आलेल्या गरम गाडीवर असे माप घेऊन पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडले, तर चांगला सोलेनॉइड बाद ठरवला जाईल. दुसरे, मल्टीमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधही मापात मिसळतो. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो वजा करावा. १३ ओहमच्या मापात याने फारसे बिघडत नाही, परंतु ५ ओहमच्या मापात निकाल बदलू शकतो.

यानंतर शॉर्ट शोधावा. दोन्ही कपलर सोडवलेले असताना, संशयित वायर आणि बॉडी यांच्यामध्ये रोध मोजावा. तो अनंत असायला हवा. कमी आला तर वायरीचे आवरण कुठेतरी घासून बॉडीला लागले आहे. मग बॅटरी जोडून, इग्निशन चालू करून त्याच वायरीवर व्होल्टेज पाहावे. जिथे वीज असायला नको तिथे ती दिसली, तर शेजारची वायर तिला टेकली आहे. स्कॅनरवर पी-०९७३ किंवा पी-०९७४ असे कोड असतील, तर सोलेनॉइड ‘ए’च्या नियंत्रक सर्किटवर अनुक्रमे अपेक्षेपेक्षा कमी किंवा अधिक व्होल्टेज दिसले एवढी दिशा आधीच मिळालेली असते.

फसव्या निकालाकडे परत येऊ. सर्व मापे बरोबर असूनही कोड येत असेल तर मल्टीमीटर जोडूनच ठेवावा आणि हार्नेस हाताने हळूहळू हलवत, वाकवत, जिथे तो वळतो आणि जिथे क्लिपमध्ये अडकवला आहे तिथे दाबत जावे. आकडा १३ वरून क्षणभर ६० वर किंवा अनंतावर उडाला, तर दोष सापडला. तरीही न सापडल्यास वायरीला खऱ्या करंटखाली तपासावे : दोन्ही टोकांनी वायर टीसीएम व गिअरबॉक्स यांपासून मोकळी करून, तिच्यामार्फत बॅटरीवर २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब पेटवावा, आणि बॅटरीच्या वायरीत फ्यूज ठेवावा. सोलेनॉइडच्या सुमारे एक अँपिअरच्या तुलनेत हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे एकाच तारेवर तग धरलेली वायर लगेच उघडी पडते; बल्ब मंद जळतो. हा बल्ब टीसीएमला जोडलेल्या सर्किटवर कधीही लावू नये. टीसीएमच्या आतले नाजूक भाग त्याने कायमचे जळू शकतात.

सेन्सरच्या कोडसाठी थोडी वेगळी रीत

पी-०७०५ हा कोड गिअरचा लिव्हर कोणत्या स्थितीत आहे हे सांगणाऱ्या स्विचचा, ०७१० तेलाच्या तापमानाचा, ०७१५ आत येणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा आणि ०७२० बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा असतो. तपासणी वरच्यासारखीच, पण वेगाच्या सेन्सरचे दोन प्रकार आहेत. दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरचा रोध काहीशे ओहम असतो आणि चाक फिरवल्यावर तो थोडे एसी व्होल्टेज देतो. तीन वायरींचा हॉल प्रकारचा सेन्सर मात्र रोधाने तपासू नये. त्याचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल व्होल्टमध्ये पाहावेत. लिव्हरच्या स्विचमध्ये पाणी शिरणे हा पावसाळी दोष आहे, आणि गाडी पार्कमध्ये असूनही स्टार्टर न फिरणे हे त्याचे ओळखीचे लक्षण.

टीसीएमशी संपर्कच तुटल्याचा यू-०१०१ कोड असेल तर बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजावा. या सॉकेटवर थेट कॅन जाळे (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या दोन वायरी) असलेल्या गाड्यांत तो सुमारे ६० ओहम येतो, कारण जाळ्याच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक असतात. १२० आला तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. सॉकेट आणि जाळे यांच्यामध्ये गेटवे (दोहोंना जोडणारा संगणक) असलेल्या नव्या गाड्यांत हा आकडा वेगळा येऊ शकतो.

दुरुस्ती आणि पडताळणी

तुटलेली वायर पीळ देऊन टेप गुंडाळण्याने जोडू नये. तितक्याच जाडीची वायर घेऊन, चांगला क्रिम्प किंवा सोल्डर करून, त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी, आणि हार्नेस मूळच्या क्लिपांमध्येच परत बसवावा. कपलरकडे येणारी वायर थोडी खाली झोल देऊन आणावी, म्हणजे पाणी कपलरमध्ये न शिरता झोलाच्या तळातून ठिबकते. खानापूरच्या पावसात एवढ्या साध्या गोष्टीने वर्षानुवर्षांचा फरक पडतो.

दोष आतच आहे हे मापांनी सिद्ध झाले तर तेलाचे तळपात्र उतरवून सोलेनॉइड किंवा आतला हार्नेस बदलावा लागतो. पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे तेल भरावे, लाल दिसते म्हणून कोणतेही चालत नाही, आणि त्याची पातळी सांगितलेल्या तापमानालाच पाहावी. टीसीएमवर बोट सर्वांत शेवटी ठेवावे : पुरवठा, अर्थ, वायरी आणि सोलेनॉइड हे चारही निर्दोष ठरल्यावरच. नवा टीसीएम बहुतेक गाड्यांत प्रोग्रॅम करावा लागतो, म्हणून जुन्या बाजारातून आणून बसवला आणि गाडी चालू लागली, असे सहसा होत नाही.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी थंड असताना एकदा आणि पूर्ण तापल्यावर एकदा, सर्व गिअर पडतील अशी चालवावी. शहरात टिळकवाडीची एक फेरी मारून हे साधत नाही. महामार्गाने वंटमुरी घाटापर्यंत जाऊन यावे. चढावर गिअरबॉक्स तापतो, सोलेनॉइडचा रोध वाढतो, आणि अर्धवट राहिलेला दोष असेल तर तो तिथे दिसतो. परतल्यावर दिवा लागलेला नसला तरी स्कॅनर पुन्हा लावून प्रलंबित (दिसलेले पण अजून पक्के न झालेले) कोडही पाहावेत.

गॅरेजकडे सोपवायचे असेल तर

स्वतः मापे घेणे शक्य नसेल तर त्यात कमीपणा नाही. मात्र मेस्त्रींना आणि वायरमनला विचारायचे प्रश्न ठाऊक असावेत. मूळ कोड कोणता, टीसीएमच्या कपलरवर रोध किती आला, गिअरबॉक्सच्या कपलरवर किती आला, अर्थवर किती व्होल्टचा फरक होता, एवढे आकडे कागदावर लिहून मागावेत. चांगला कारागीर ते आनंदाने देतो. आकडे नसताना पार्ट सुचवला जात असेल तर दुसरे मत घ्यावे. मात्र विजेच्या कोडसोबत पी-०७३०, म्हणजे गिअरचे प्रमाण चुकल्याचा कोडही असेल, तेल काळे पडून जळका वास येत असेल किंवा गिअर घसरत असेल, तर आतल्या क्लचचीही झीज झालेली असू शकते आणि तिथे गिअरबॉक्सच्या जाणकाराकडेच जावे.

गाडी रस्त्यातच एका गिअरमध्ये अडकली तर ती संरक्षक अवस्था असते; टीसीएम सोलेनॉइडची वीज तोडून आणखी नुकसान टाळतो. अशा गाडीने वेग व भार कमी ठेवून जवळच्या सुरक्षित जागी पोहोचता येते, पण तशीच कोल्हापूर किंवा पणजी गाठण्याचा प्रयत्न करू नये. ओढून न्यायची वेळ आली तर चालणारी चाके, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवते ती, जमिनीवर फिरू देऊ नयेत, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप तेल पुरवत नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढून उचलावी, मागच्या चाकांवर चालणारी मागून उचलावी, आणि चारही चाकांवर चालणारी गाडी सपाट ट्रेलरवर चढवूनच न्यावी.